युरियाची गोणी की जिवाणूंची बाटली? मक्याच्या शेतातलं हे टेक नेमकं आहे काय

ऑगस्टमधली गोष्ट. दुपारी दीडच्या सुमारास अप्पांनी व्हॉट्सअ‍ॅपवर एक रील पाठवलं. एरवी ते 'शुभ सकाळ'चं फुलपाखरूसुद्धा पाठवत नाहीत. रीलमध्ये एक चकचकीत जाकिटातला माणूस मक्याच्या शेतात उभा राहून सांगत होता, "शेतकरी मित्रांनो, युरिया बंद करा! एकरी एक बाटली, जिवाणू हवेतून नत्र खेचणार, उत्पन्न दीडपट!" खाली अप्पांची एकच ओळ: "हे खरं आहे का बघ."

मी फोन केला तर मागे गलका. अप्पा कृषी सेवा केंद्राच्या रांगेत उभे होते. मका गुडघ्याच्या वर आलेला, युरियाचा हप्ता द्यायची वेळ, आणि दुकानात गोण्या मोजक्याच. पॉस मशीनवर अंगठा लावायचा, माणशी ठरलेल्या गोण्या घ्यायच्या. वर दुकानदार म्हणतोय, गोणीसोबत ही बाटलीही घ्यावी लागेल. गावाकडे याला 'लिंकिंग' म्हणतात. कायद्यानं चालत नाही, तरी चालतं.

"अरे, बाटली घ्यायचीच आहे तर मग युरिया कशाला घेऊ?" अप्पांनी विचारलं. प्रश्न अगदी बरोबर होता. उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी मोबाईल, चिप, बॅटरी यांवर लिहिणारा माणूस. पण त्या दिवसापासून हा विषय डोक्यात बसला, आणि दिवाळीला घरी गेलो तेव्हा रब्बीच्या मक्याची तयारी चालू होती, म्हणजे उत्तर द्यायची वेळ आली होती. जे वाचलं, जे समजलं, ते इथे मांडतोय.

शेतीचा विषय आहे म्हणून स्क्रोल करू नका. तुमच्या बाईकमध्ये आज जे पेट्रोल जातं, त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते इथेनॉल आता फक्त उसातून येत नाही. गेल्या दोनेक वर्षांत मक्याचा वाटा प्रचंड वाढला. मागणी वाढली म्हणून मक्याची लागवड वाढली. मका हे नत्राला हावरं पीक, म्हणून युरियाची मागणी वाढली. आणि युरिया बनतो नैसर्गिक वायूपासून, ज्याचा मोठा हिस्सा आपण बाहेरून आणतो. थोडक्यात, तेलाची आयात कमी करायला आपण मका लावला आणि मक्यासाठी वायू आयात करतोय. २०२५ च्या खरिपात चीनकडून येणारा युरिया घटला होता, त्यात मक्याचं क्षेत्र वाढलेलं, आणि देशभर रांगा लागल्या. अप्पा त्यातल्याच एका रांगेत होते.

हवेत नत्र भरपूर, पण लॉक केलेलं

आपण जी हवा घेतो तिच्यात ७८ टक्के नत्र म्हणजे नायट्रोजन आहे. मक्याचं झाड त्या नत्राच्या समुद्रात उभं असतं आणि तरी उपाशी राहतं. कारण हवेतले नत्राचे दोन अणू एकमेकांना तीन बंधांनी धरून बसलेले असतात. हे कुलूप झाडाला उघडता येत नाही.

माणसानं ते उघडलं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. जर्मनीत फ्रिट्झ हाबर यांनी प्रयोगशाळेत रीत शोधली, कार्ल बॉश यांनी ती कारखान्यात नेली. ४०० ते ५०० अंश सेल्सिअस तापमान, वातावरणाच्या दीडशे-दोनशे पट दाब, आणि हायड्रोजन मिळवायला नैसर्गिक वायू. यातून अमोनिया, अमोनियातून युरिया. आज जगातल्या जवळपास निम्म्या लोकांच्या ताटातलं अन्न या प्रक्रियेवर उभं आहे असं मानलं जातं. त्यामुळे युरियाला सरसकट विष म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही. आपण त्यावरच वाढलोय.

पण तेच कुलूप काही जिवाणू शेतातल्या साध्या मातीत, साध्या तापमानाला उघडतात. ना भट्टी, ना दाब. त्यांच्याकडे नायट्रोजिनेज नावाचं एक एन्झाइम असतं. मात्र त्याच्या दोन अडचणी आहेत आणि हा सगळा विषय त्या दोन अडचणींभोवतीच फिरतो.

पहिली अडचण ऊर्जेची. नत्राचा एक रेणू तोडायला जिवाणूला एटीपीचे किमान १६ रेणू खर्च करावे लागतात. एटीपी म्हणजे पेशीची बॅटरी. हे काम म्हणजे फोनवर गेम, हॉटस्पॉट आणि व्हिडिओ कॉल एकदम चालू ठेवण्यासारखं, चार्जिंग झरझर उतरतं. दुसरी अडचण अशी की या एन्झाइमला ऑक्सिजन सोसत नाही. हवा लागली की ते निकामी होतं. म्हणजे काम हवेतल्या वायूवर करायचं, आणि हवेपासून लपूनही राहायचं.

हरभरा, तूर, सोयाबीन यांनी यावर फार सुंदर तोडगा काढलाय. मुळांवर गाठी करून जिवाणूला आत खोली दिली, साखर पुरवली आणि ऑक्सिजन नियंत्रणात ठेवणारं एक द्रव्य तयार केलं. सोयाबीनचं रोप उपटून गाठ नखानं फोडा, आत गुलाबी रंग दिसेल. तो त्या द्रव्याचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नात्यातला.

मक्याकडे अशी खोली नाही. मक्याच्या मुळांजवळ राहणारे अ‍ॅझोटोबॅक्टर, अ‍ॅझोस्पिरिलम असे जिवाणू हे भाडेकरू नव्हेत, फुटपाथवरचे रहिवासी. मुळातून पाझरणारी थोडीफार साखर खातात, स्वतःपुरतं नत्र बनवतात. झाडाला मिळतं ते त्यांच्या हातून सांडलेलं किंवा ते मेल्यावर उरलेलं.

आणि इथे तिसरी, सगळ्यात गंमतशीर भानगड येते. तुमचा फोन घरी आल्यावर आपोआप वाय-फाय पकडतो आणि मोबाईल डेटा वापरणं थांबवतो ना? जिवाणूही तेच करतो. आजूबाजूला तयार नत्र मिळतंय असं दिसलं की तो स्वतःचा नत्राचा कारखाना बंद करतो. एवढी बॅटरी कशाला जाळायची? म्हणजे तुम्ही शेतात युरिया टाकला की जिवाणू आराम करतो, आणि युरिया टाकला नाही तर जिवाणूचं तुटपुंजं नत्र मक्याला पुरत नाही. रीलवाल्या भाऊंनी हे काही सांगितलं नव्हतं.

अमेरिका: स्विच चालूच ठेवला तर?

कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथल्या पिव्हट बायो या कंपनीनं नेमका हाच स्विच पकडला. २०११ साली सुरू झालेली ही कंपनी. मक्याच्या मुळांजवळ राहणारा, नत्र बनवू शकणारा जिवाणू त्यांनी घेतला आणि त्याच्या जनुकांत दुरुस्ती केली. बाहेरून दुसऱ्या प्राण्याचं जनुक घातलं नाही. नत्र मिळतंय हे कळल्यावर कारखाना बंद करणारा जो भाग होता, तो काढून टाकला. म्हणजे वाय-फाय असलं तरी डेटा चालूच. शेतात युरिया असो की नसो, जिवाणू नत्र बनवत राहतो.

२०१९ पासून हे उत्पादन अमेरिकी मका उत्पादकांना मिळू लागलं. २०२१ मध्ये कंपनीनं एकाच फेरीत ४३ कोटी डॉलर उभे केले. दावा असा की एकरी ४० पौंडांपर्यंत, म्हणजे साधारण १८ किलो नत्र या जिवाणूंकडून भरून निघतं. आपल्या भाषेत सांगायचं तर एका गोणीला थोडंसं कमी. ४५ किलोच्या युरियाच्या गोणीत नत्र असतं २०.७ किलो.

नीट बघा, दाव्यातसुद्धा 'युरिया बंद' नाही. एक गोणी कमी, एवढंच.

आता दावा आणि शेत यांतलं अंतर. अमेरिकेतल्या उत्तर-मध्य भागातल्या विद्यापीठांच्या शास्त्रज्ञांनी हवेतून नत्र देणाऱ्या अशा बाजारातल्या वेगवेगळ्या उत्पादनांच्या १० राज्यांत मिळून ६१ चाचण्यांचे निकाल एकत्र केले आणि २०२३ मध्ये नॉर्थ डकोटा राज्य विद्यापीठानं ते छापले. नेहमीच्या खताच्या मात्रेसोबत उत्पादन वापरल्यावर फक्त २ ठिकाणी उत्पन्न वाढलेलं दिसलं. एकसष्टपैकी दोन. दुसरीकडे इलिनॉय विद्यापीठाच्या चाचण्यांत पिव्हटच्या जिवाणूमुळे मक्याच्या सुरुवातीच्या वाढीत नत्र जास्त मिळाल्याचं आणि उत्पन्नात छोटी, पण मोजता येईल अशी वाढ झाल्याचं दिसलं.

मग खरं कोणाचं? माझ्या मते दोन्ही. माती वेगळी, पाऊस वेगळा, मुळात जमिनीत किती नत्र होतं ते वेगळं. जिथे आधीच भरपूर खत पडलंय तिथे वर थोडं नत्र आलं काय नि नाही काय, मक्याला फरक पडत नाही. अ‍ॅप तेच, पण दोन हजारांच्या फोनवर आणि लाखाच्या फोनवर वेगळं चालतं, तसं काहीसं. फक्त इथे 'हे अ‍ॅप तुमच्या फोनवर चालणार नाही' असा मेसेज येत नाही. चार महिन्यांनी कणसं मोजतानाच कळतं.

बरं, हा दुरुस्त केलेला जिवाणू उद्या कोणी आपल्याकडे आणायचा म्हटलं तरी तो सरळ दुकानात येऊ शकत नाही. जनुकात बदल केलेल्या सूक्ष्मजीवांना १९८९ च्या नियमांखाली पर्यावरण मंत्रालयाच्या समितीची, म्हणजे जीईएसीची परवानगी लागते. त्यामुळे गावात कोणी 'अमेरिकन जीन एडिटेड बॅक्टेरिया' म्हणून काही विकत असेल तर आधी परवानगीचा कागद मागा.

ब्राझीलनं जनुकं न बदलता काय केलं

मला जास्त रस वाटला तो ब्राझीलमध्ये. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या आयोवामध्ये, म्हणजे मक्याच्या माहेरघरात, २०२५ चा 'वर्ल्ड फूड प्राइज' ब्राझीलच्या शास्त्रज्ञ मारियांजेला हुंग्रिया यांना दिला गेला. शेतीचं नोबेल म्हणतात याला. त्या एम्ब्रापा या ब्राझीलच्या सरकारी कृषी संशोधन संस्थेत काम करतात आणि त्यांचं आयुष्य याच जिवाणूंवर गेलंय. पुरस्कार देणाऱ्या संस्थेच्या म्हणण्यानुसार त्यांच्या कामातून आलेले जिवाणू ब्राझीलमध्ये ४ कोटी हेक्टरांपेक्षा जास्त जमिनीवर वापरले जातात. अख्ख्या महाराष्ट्राचं क्षेत्रफळ ३ कोटी हेक्टरांच्या थोडंसंच वर आहे, म्हणजे अंदाज घ्या.

यातला बहुतेक भाग सोयाबीनचा आहे. तिथे गाठी असतात, त्यामुळे काम सोपं. ब्राझील जवळपास नत्र खत न देता सोयाबीन घेतो. पण मक्यासाठी हुंग्रिया यांच्या गटानं अ‍ॅझोस्पिरिलम ब्राझिलेन्स या जिवाणूचे दोन खास वाण निवडले. नावं अगदीच रोबोसारखी, एबी-व्ही५ आणि एबी-व्ही६. गेली पंधराएक वर्षं ते तिथल्या शेतात आहेत. या जिवाणूच्या नावातला 'ब्राझील' योगायोगानं आलेला नाही. चेकोस्लोव्हाकियात जन्मलेल्या, पन्नाशीच्या दशकात ब्राझीलला आलेल्या योहाना ड्योबेराइनर यांनी रिओजवळ बसून गवतवर्गीय पिकांच्या मुळांतले हे जिवाणू जगासमोर आणले. लोक तेव्हा म्हणायचे, अमोनिया ओतून प्रश्न सुटतोय तर हे कशाला?

आता आकडा. हुंग्रिया आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये ३० शेतांवरच्या चाचण्यांचे निकाल दिले. मक्याला पेरणीनंतर जे वरखत देतात, त्यातलं २५ टक्के नत्र जिवाणू वापरून कमी करता येतं, उत्पन्न न घटता. पुन्हा बघा, एकूण नत्राच्या २५ टक्के नाही, वरखताच्या २५ टक्के. हे खरं संशोधन बोलतं तेव्हा आकडे असे छोटे आणि अटींसकट येतात. 'दीडपट' असं गोल येत नाहीत.

आणि इथे एक गोष्ट मला नव्यानं कळली, जी मी अप्पांना सांगितल्यावर ते बराच वेळ गप्प बसले. अ‍ॅझोस्पिरिलमचा मोठा फायदा हवेतून नत्र आणण्यात नाहीच. हा जिवाणू मुळाशी बसून एक हार्मोन सोडतो, ऑक्झिन. त्यामुळे बारीक मुळं आणि मुळांवरचे केस वाढतात. मूळ जास्त पसरलं की मातीत पडलेला युरिया जास्त शोधून खातं. आपण टाकलेल्या युरियातलं बऱ्याचदा निम्मंही नत्र पिकाच्या पोटात जात नाही. काही अमोनिया होऊन उडतं, काही नायट्रेट होऊन विहिरीत उतरतं, काही नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातं, जो वायू कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत वजनाला वजन सुमारे २७३ पट तापवतो. जिवाणूनं मूळ वाढवलं म्हणजे त्यानं नत्र बनवलं नाही, तुमचं वाया जाणारं नत्र वाचवलं. अप्पा शेवटी म्हणाले, "म्हणजे हा नवा गडी नाही, आहे त्या गड्याला दुसरा हात लावून दिला."

याच्याही पुढचा एक मका आहे. मेक्सिकोतल्या ओआहाका राज्यात, सिएरा मिखे डोंगरात. उंची १५-१६ फुटांच्या वर, खोडाला जमिनीच्या वरच मुळं फुटतात आणि पावसाळ्यात त्यातून बोटभर जाड, पारदर्शक चिकट द्रव टपकत असतो. व्हिडिओ बघितला तर किळस येते. पण त्या चिकात साखर आहे, ऑक्सिजन कमी आहे आणि नत्र बनवणारे जिवाणू आहेत. सोयाबीननं गाठ केली, याने चिक केला. २०१८ मध्ये छापलेल्या अभ्यासात असं आढळलं की हा मका त्याच्या नत्रातलं २९ ते ८२ टक्के नत्र हवेतून मिळवतो. मग हाच का लावत नाही? कारण तो पिकायला सहा ते आठ महिने घेतो. आपल्याकडे चार महिन्यांत शेत रिकामं करून दुसरं पीक घ्यायचं असतं. संशोधक आता तो गुण नेहमीच्या मक्यात आणायच्या मागे आहेत, आणि त्या गावाशी फायद्याच्या वाटणीचा करार झालाय, जो भाग मला या सगळ्यात फार आवडला. हा मका काही कंपनीनं बनवला नाही, त्या गावानं पिढ्यान्‌पिढ्या राखला.

अप्पांचा हिशोब

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी ओट्यावर बसून आम्ही कॅल्क्युलेटर काढला. मक्याला हेक्टरी १२० किलो नत्राची शिफारस धरली, तर एकरी होतात साधारण ४८ किलो. त्यातला एक तृतीयांश पेरताना आणि बाकी दोन हप्त्यांत वरखत म्हणून. म्हणजे वरखताचं नत्र ३२ किलो. ब्राझीलचा २५ टक्के आकडा जसाच्या तसा इथे लागू झाला असं क्षणभर धरू (माती वेगळी, तर लागू होईलच असं नाही). वाचलं ८ किलो नत्र, म्हणजे साडेसतरा किलो युरिया. गोणी २६६ रुपये ५० पैशांना. वाचले एकरी १०४ रुपये.

अप्पा हसले. "एवढ्यासाठी एवढं?"

दुसरी बाजू त्याहून टोकाची आहे. मक्याचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला २,४०० रुपये होता. बाजारात तेवढा मिळत नाही ती गोष्ट वेगळी. पण तोच धरला तर १०४ रुपये म्हणजे साडेचार किलोसुद्धा मका नाही. युरिया कमी केला आणि एकरी पाच किलो मका कमी झाला, की बचत संपली. एक क्विंटल कमी झाला तर २,४०० रुपये गेले. सप्टेंबरच्या पावसात खरीप धुऊन गेलेल्या माणसाला तुम्ही हा जुगार खेळायला सांगताय.

मला वाटतं हा खरा अडथळा आहे, तंत्रज्ञान नाही. युरिया सरकारला या किमतीच्या कितीतरी पट महाग पडतो, फरक अनुदानातून जातो. म्हणजे अप्पांनी साडेसतरा किलो युरिया वाचवला तर खरी मोठी बचत दिल्लीत होते, धोका मात्र बांधावर राहतो. २०२३ मध्ये आलेली पीएम-प्रणाम योजना राज्यांना म्हणते, रासायनिक खताचा वापर कमी करा, वाचलेल्या अनुदानाचा निम्मा वाटा तुम्हाला देऊ. राज्यांना. चाचणी घेणाऱ्या शेतकऱ्याच्या खात्यात त्यातलं थेट काही येत नाही. पीएम-किसानचे पैसे खात्यात जमा होऊ शकतात, तर 'जिवाणू वापरून एक हप्ता कमी केला आणि उत्पन्न घटलं तर भरपाई' हेही करता येईल. पॉस मशीनवर कोणी किती युरिया घेतला याची नोंद आहेच की. असलेला डेटा फक्त रांग लावायला वापरायचा, हे मला तरी खटकतं.

आणि तरीही अप्पांनी जिवाणू वापरायचं ठरवलं. का? कारण स्वस्त आहे. अ‍ॅझोटोबॅक्टर किंवा अ‍ॅझोस्पिरिलमचं साधं पाकीट काही नवं नाही. परभणी, राहुरीची कृषी विद्यापीठं जैविक खतं बनवतात आणि महागड्या बाटलीपुढे त्याची किंमत काहीच नाही. दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅमचं पाकीट पुरतं. एकराला बियाणं लागतं आठेक किलो. म्हणजे एक पाकीट, एक एकर. आणि ऑगस्टची रांग पुन्हा लागली तर जो मिळेल तो युरिया जास्त लागू पडावा, हे कारण १०४ रुपयांपेक्षा मोठं आहे. वेळेवर गोणी मिळालीच नाही तर तिची किंमत २६६ आहे की ६६, याला अर्थ नाही.

फक्त पाकिटात जिवाणू जिवंत हवेत. ही औषधाची पूड नाही, जीव आहे. खत नियंत्रण आदेशानुसार पावडरमधल्या जैविक खतात ग्रॅमला किमान ५ कोटी आणि द्रवरूपात मिलीलिटरला किमान १० कोटी जिवंत पेशी असायला लागतात. पत्र्याच्या दुकानात मे महिनाभर तापलेल्या बाटलीत किती उरल्या असतील, कोण मोजतं? ब्राझीलमध्ये हेच वेगळं झालं. कोणता वाण विकायचा ते सरकारमान्य यादीतून ठरतं, आणि शेतकऱ्याचा विश्वास बसला तो बाटलीत खरंच जिवाणू निघतात म्हणून. आपल्याकडे जिवाणू खतांचं नाव खराब झालंय ते जिवाणूंमुळे नाही. त्यामुळे घेताना जिवाणूचं पूर्ण नाव, पेशींची संख्या, बनवल्याची आणि संपण्याची तारीख बघा. 'सिक्रेट फॉर्म्युला' लिहिलं असेल तर ठेवून द्या. बिल घ्या.

अजून एक अडचण आम्हाला पाकीट फोडायच्या वेळी लक्षात आली. संकरित मक्याचं बियाणं गुलाबी-लाल रंगाचं येतं, कारण त्यावर आधीच बुरशीनाशक, कीटकनाशक चढवलेलं असतं, लष्करी अळीमुळे तर हल्ली जास्तच. त्यावर जिवाणू चोळला तर त्यातले किती टिकतील? नियम असा की आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि सगळ्यात शेवटी जिवाणू, मग सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरणी. रंगीत बियाण्याच्या बाबतीत आम्ही दुसरा मार्ग घेतला. जिवाणू चाळलेल्या शेणखतात मिसळून, ओलसर ठेवून, पेरणीच्या वेळी तासात टाकला. उन्हात नाही, संध्याकाळी.

युरिया किती कमी करायचा यावर मात्र आमचं थोडं वाजलं. मी म्हणालो सगळीकडे एक चतुर्थांश कमी करू. अप्पा म्हणाले, "तुझं नेटवरचं शेत आणि माझं शेत एक नाही." मग तडजोड झाली. विहिरीजवळच्या वावरात दहा-दहा गुंठ्यांचे चार पट्टे पाडले. पहिल्याला जिवाणू नाही, युरिया पूर्ण. दुसऱ्याला जिवाणू आणि युरिया पूर्ण. तिसऱ्याला जिवाणू, वरखत एक चतुर्थांश कमी. आणि चौथ्याला जिवाणू नाही, वरखत तेवढंच कमी. हा चौथा पट्टा कशाला, असं अप्पांनी विचारलं. कारण चौथ्यातही मका तेवढाच आला तर जिवाणूचं काही कर्तृत्व नाही, आपण आधीपासूनच युरिया जास्त टाकत होतो एवढंच. रीलमध्ये नेहमी हाच पट्टा गायब असतो. तुम्हाला कोणी 'वापरण्याआधी, वापरल्यानंतर'चा फोटो दाखवला तर विचारा, चौथा पट्टा कुठंय?

चार कोपऱ्यांना रंगीत चिंध्या बांधलेल्या काठ्या रोवल्या आहेत. दर रविवारी अप्पा चारही पट्ट्यांत एकाच जागेवरून फोटो काढून पाठवतात. पहिल्या फोटोत त्यांचं बोट आलंय, दुसऱ्यात शेजारचं कुत्रं. पहिला हप्ता पेरणीपासून महिन्यानं द्यायचाय. वजन फेब्रुवारी-मार्चमध्ये, काढणीच्या वेळी, प्रत्येक पट्ट्याचं वेगळं. जो आकडा येईल तो इथेच लिहीन, वाढला तरी आणि घटला तरी.